भंगारातली केबल, घरचा जोड

मला रेडिओवर बोलावतात ते बहुधा कवितेसाठी. या खेपेला मीच म्हटलं, कविता राहू द्या, मी केबलविषयी बोलतो. ऐकणाऱ्यांना कळेल का, अशी शंका साहजिकच निघाली. कळेल. ज्यांच्या घरी दारात बसून कुणी बादलीला डाग दिला आहे, तपेल्याला कल्हई लावली आहे, त्यांना तर नक्कीच कळेल.

मी हौशी रेडिओवाला आहे. इंग्रजीत ज्याला हॅम म्हणतात तो. केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा बिनतारी विभाग परीक्षा घेतो, परवाना देतो आणि एक आकडा-अक्षरांचं नाव देतो. आपल्या देशात ते व्ही-यू या दोन अक्षरांनी सुरू होतं. बी.ए.ला माझा विषय मराठी होता, पण ओहमचा नियम पाठ करायला विज्ञान शाखाच लागते असं काही नाही. या छंदात डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, दृष्टिहीन मंडळी तर पुष्कळ आहेत. गप्पा मारायचा छंद म्हणून त्याला नावं ठेवणारेही आहेत. त्यांना मी अंदमानची आठवण देतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींची एक तुकडी पोर्ट ब्लेअरला अँटेना उभारून बसली होती. जगभरच्या हौशींना अंदमानशी बोलण्याची संधी मिळावी एवढाच हेतू. २६ तारखेला सुनामी आली, आणि त्याच संचांवरून बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली.

आता केबल. संच खाली खोलीत असतो, अँटेना वर गच्चीवर. मधे जी दोरी असते ती कोअ‍ॅक्सियल केबल. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्याभोवती धातूची नळी आणि वरून काळं प्लास्टिक. एका नळीच्या पोटात एक तार, दोघींचा मध्य एकच. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या माणसाने १८८० साली हिचं पेटंट घेतलं. शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली, तार कंपनीत नोकरी केलेली, कानांनी अधू. पुढचं सगळं गणित तो घरी बसून शिकला. मला हा माणूस फार आवडतो, पण त्याच्यावर बोलायचं तर दुसरं भाषण लागेल.

नेहमीच्या केबलमध्ये बाहेरची नळी म्हणजे तारांची विणलेली जाळी असते, म्हणून ती कशीही वळते. हार्डलाइन म्हणतात तिच्यात जाळी नसते, अखंड धातूची नळी असते. हाताने वाकवायला गेलं तर हट्टी. पण तिच्यातून जाताना रेडिओची शक्ती फार थोडी वाया जाते. किती थोडी, ते आम्हाला पुराने शिकवलं.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. मी मिरजेला राहतो. आमचा भाग उंचावर, घरात पाणी नाही. पण वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. आमचे एक ज्येष्ठ मित्र आहेत, टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर म्हणून आयुष्य काढलेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या चार मजली इमारतीवर अँटेना होती आणि तळमजल्यावर संच, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. नदीकाठच्या गावांतले आमचे दोघे-तिघे परवानाधारक हातातल्या छोट्या संचांवरून बोलत होते. म्हणजे बोलत असावेत. आम्हाला ऐकू येत होती ती खरखर. मधेच एखादा शब्द, ‘पाणी’ किंवा ‘जिना’, आणि पुन्हा खरखर. ‘पुन्हा सांगा, पुन्हा सांगा’ म्हणून अण्णांचा घसा बसला. समोरच्याची बॅटरी संपत चाललेली असते, तेव्हा पुन्हा सांगा म्हणणं जिवावर येतं.

पाणी ओसरल्यावर अण्णांनी हिशेब मांडला. संचापासून अँटेनापर्यंत ४५ मीटर केबल, बारीक, पेन्सिलीपेक्षा सडपातळ. आम्ही बोलतो त्या १४५ मेगाहर्ट्झवर तिच्यात १०० मीटरला सुमारे २० डेसिबल जातात. म्हणजे खालून २५ वॅट सोडले तर गच्चीवर पोहोचतात जेमतेम ३. बाकीचे २२ वॅट केबलला ऊब देण्यात गेले. येताना तीच गत. गच्चीवर आलेला आवाज खाली येईस्तोवर आठवा हिस्सा उरतो, आणि तो मुळातच क्षीण असेल तर उरतो म्हणण्यात अर्थ नाही. त्याहून जाड, बोटाएवढी केबल घातली असती तर १० वॅट पोहोचले असते. मोबाइल मनोऱ्यांवर चढवतात ती पाऊण इंचाहून जाड हार्डलाइन असती तर २१.

ती नवी घ्यायची आमची ऐपत नव्हती. पण ती भंगारात होती. पूर्वी मोबाइलच्या मनोऱ्याखाली एक खोली असे, यंत्रं तिच्यात, आणि तिथून वर अँटेनापर्यंत या जाड केबली. पुढे यंत्रंच वर अँटेनाशेजारी जाऊन बसली आणि खालून काचतंतू जाऊ लागला. त्यात २०१६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत कितीतरी मोबाइल कंपन्या बंद पडल्या नाहीतर एकमेकींत विलीन झाल्या. मनोऱ्यांवरून उतरलेली केबल वजनावर विकली गेली. भंगारवाल्याच्या लेखी ते तांबं. वरचं प्लास्टिक सोलायचं, आतला फोम फेकायचा, तांबं भट्टीला.

आमच्या भंगारवाल्याकडे दोन तुकडे निघाले. एक २६ मीटर, एक १९. बेरीज बरोबर ४५, पण बेरजेच्या मधे एक अधिकचं चिन्ह असतं आणि सगळी कथा त्या चिन्हाची आहे.

खरेदी करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो. पहिली, पावती घ्या. मनोऱ्यांवरून केबल चोरीलाही जाते, आणि परवानाधारक माणसाच्या घरात चोरीचा माल शोभत नाही. दुसरी, टोकांचे कनेक्टर कापू देऊ नका. भंगारवाला ते पितळ म्हणून वेगळे काढतो. आपल्याला ते सोन्यासारखे. आपल्या संचाला ते थेट बसत नाहीत, पण मधला दुवा विकत मिळतो. तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मनोऱ्यावर ही केबल ठिकठिकाणी अर्थिंगला जोडलेली असते, तिथे वरचं प्लास्टिक वीतभर सोललेलं असतं. केबल हातात घेऊन पूर्ण लांबी चाचपून बघा. तिथून पावसाचं पाणी शिरलं असेल तर तांबं काळं-हिरवं दिसेल. तेवढा भाग कापून टाकायचा, मोह धरायचा नाही.

आता जोड. सरळ मार्ग आहे कनेक्टरचा. दोन्ही टोकांना नवे कनेक्टर आणि मधे दुवा. पैसे असतील तर तोच करावा. आणि ४३५ मेगाहर्ट्झवर काम करायचं असेल तर दुसरा विचारच करू नये, कारण तिथे लाट हातभर लांबीची असते आणि तिला जोडातला लहानसा खडाही टोचतो. आमची लाट दोन मीटरची. ती दोन बोटं रुंदीच्या ओबडधोबडपणाकडे काणाडोळा करते. म्हणून आम्ही घरचा जोड करायचं ठरवलं.

माझे वडील कल्हईवाले होते. भाता, कोळसा, कथलाची कांडी, कापसाचा बोळा आणि नवसागर एवढा संसार सायकलवर बांधून ते गावोगाव फिरत. मी सुट्टीत भाता ओढायला जायचो. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या एका फेऱ्यात काळं पातेलं चांदीचं व्हायचं. गावातल्या बाया कधी कधी जर्मलचं भांडं घेऊन यायच्या. जर्मल म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. वडील म्हणायचे, ‘वहिनी, जर्मलला कल्हई धरत नाही. त्याच्या अंगावर कायम एक पापुद्रा असतो. खरवडला की लगेच दुसरा येतो.’ शाळेत कुणी मला ऑक्सिडीकरण शिकवलं त्याच्या आधी मी ते असं ऐकलं होतं. स्टेनलेस स्टील आलं आणि तो धंदा गेला. मला वाटायचं त्याबरोबर ती विद्याही गेली.

जोड करायच्या दिवशी अण्णांनी मला विचारलं, ‘कविराज, डाग तुम्ही देणार की मी?’ मी म्हटलं, ‘आतला मी देतो, बाहेरचं तुम्ही बघा.’

आमच्या केबलची मधली तार म्हणजे तार नव्हेच, तांब्याची पोकळ नळी आहे, बाहेरून सुमारे ९ मिलिमीटर. लेथवाल्याकडून तिच्या पोकळीत नेमकी बसेल अशी दोन इंची पितळी खुंटी करून घेतली. अर्धी एका तुकड्यात, अर्धी दुसऱ्यात. केबल कापताना टोक खाली धरायचं, म्हणजे आरीचा कीस फोमवर न बसता खाली पडतो. तांब्याचा एक केसाएवढा कण आतल्या आणि बाहेरच्या नळीच्या मधे राहिला तर ठिणगीला वाट मिळते. फुंकर पुरत नाही, ब्रश फिरवावा लागतो.

मग डाग. इथे वडिलांची अर्धी विद्या वापरायची आणि अर्धी विसरायची. वापरायची ती ही की तांबं आधी लख्ख झालं पाहिजे, बोटाचा डागही नको. दोन्ही अंगांना आधी कथील चढवून मगच ती जोडायची. विसरायचा तो नवसागर. भांड्याला तो चालतो, कारण भांडं नंतर धुतात. केबलचा जोड कोण धुणार? तो क्षार ओल ओढतो आणि तांबं खात राहतो. इथे राळच हवी. आणि हात चपळ हवा. फोम म्हणजे शेवटी प्लास्टिक. डाखणी बारकी असली तर तांबं उष्णता पळवतं, आपण धरून राहतो आणि फोम वितळून नळी एका अंगाला कलंडते. मोठी डाखणी, जोराची आच, फोमच्या तोंडाशी ओल्या फडक्याची पट्टी, आणि दहा-पंधरा सेकंदांत काम संपलं पाहिजे. कल्हईतही तसंच असे. रेंगाळला तो भांडं जाळून बसला.

आतल्या जोडाभोवती फोमची जागा रिकामी राहते. तिथे हवा ठेवली तर चालत नाही असं नाही, पण केबलचा ५० ओहमचा स्वभाव तेवढ्यापुरता बदलतो. हा स्वभाव ठरतो दोनच गोष्टींवर. बाहेरची नळी आतलीच्या किती पट आहे आणि मधे काय भरलं आहे. म्हणून कापून काढलेल्या तुकड्यातलाच फोम घेतला, उभा चिरला, आणि डाळीच्या दोन दलांसारखा जोडाभोवती मिटवला. तोच फोम, तीच जाडी.

बाहेरचं काम अण्णांचं. तिथे डाग द्यायचाच नाही असा त्यांचा आग्रह. एवढ्या मोठ्या तांब्याला डाग धरेल इतकी आच दिली तर आतलं सगळं वितळेल. त्यांनी एसी दुरुस्त करणाऱ्याकडून इंचाहून थोडा रुंद तांब्याचा पाइप आणला, सहा इंच कापला, उभा चिरला. केबलची बाहेरची नळी वळ्यावळ्यांची असते, ती काचपेपरने उजळली, पाइप तिच्यावर मिटवला आणि दोन्ही टोकांना स्टीलच्या जुबिली क्लिपा आवळल्या. आत डाग, बाहेर दाब. चिरलेला पाइप मागाहून घालता येतो हा त्यातला शहाणपणा. अखंड नळी वापरणारे ती आधी केबलवर ओवायला विसरतात आणि जोड झाल्यावर कपाळाला हात लावतात.

अमेरिकेतल्या हौशींची परंपरा याहून जुनी आहे, आणि त्यांची अडचण वेगळी. तिथे केबल टीव्हीच्या कंपन्या रस्त्याकडेच्या खांबांवरून हार्डलाइन टाकत. रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे त्यांच्या उपयोगाचे नसत, हॅम मंडळी ते मागून आणत. फुकट. पण ती केबल ७५ ओहमची आणि आपले संच ५० चे. लोक या आकड्याला फार भितात. हिशेब केला तर अशा विजोडात परत फिरते ती शक्ती शंभरात ४. लांबी अर्ध्या लाटेच्या पटीत घेतली तर टोकाला पुन्हा ५०च दिसतात. त्या केबलमध्ये लाट हवेतल्यापेक्षा आखूड होते, साधारण ८७ टक्के, तेव्हा आमच्या १४५ मेगाहर्ट्झला दर ९० सेंटीमीटरला ही जागा येते. कापायला सोपं.

खरी अडचण ७५ची नाहीच. ती केबल जर्मलची आहे. बाहेरची नळी अ‍ॅल्युमिनियमची, आतली तारही अ‍ॅल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा. डाग धरणार नाही. म्हणून ते लोक नळकामातली पितळी कॉम्प्रेशन जोडणी वापरतात, आवळून बसवायची. आणि अ‍ॅल्युमिनियमला पितळ किंवा तांबं टेकलं, वर पावसाचं पाणी पडलं, की झाली बॅटरी तयार. ती कुणाच्या उपयोगाची नाही, फक्त अ‍ॅल्युमिनियम खाते. उपाय दोन. खरवडल्या क्षणी वायरमन अ‍ॅल्युमिनियमच्या लग्जमध्ये भरतात ती करडी पेस्ट लावायची, म्हणजे पापुद्रा पुन्हा धरत नाही. आणि पितळेला आधी कथील चढवायचं, कारण कथील या भांडणात दोघांच्या मधे उभं राहतं. जर्मलला कल्हई धरत नाही हे खरं, पण त्याच्या शेजाऱ्याला लावता येते.

जोड झाला म्हणजे काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं पाण्याविरुद्ध. अण्णांच्या उमेदीत टेलिफोनच्या केबलीत तारांभोवती कागद गुंडाळलेला असे. जोडायच्या आधी त्या कागदाची चिंधी तापलेल्या मेणात बुडवायची. तडतडली तर आत ओल आहे, केबल मागे कापत जा. तडतड थांबेपर्यंत कापायची. तीस वर्षं हे केलेल्या माणसाला ‘चालतंय की’ हा शब्दप्रयोग माहीत नाही. त्यांनी आधी चिकट रबरी टेप गुंडाळली, ताणून, स्वतःतच मिसळून जाणारी. त्यावर साधी काळी टेप, पण खालून वर. मंगळुरी कौलं रचतात तशी, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर येतो आणि पाणी घरंगळतं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढा पागोळीचं तोंड होऊन बसतो. एका तरुण मित्राने सिलिकॉनची नळी आणली होती. अण्णांनी वास घेऊन परत केली. आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरचं आम्ल सोडतं आणि तांबं हिरवं करतं.

शिवाय दोन वळणं सांभाळावी लागली. ही केबल २५ सेंटीमीटर त्रिज्येहून कमी वाकवायची नाही, एकदा चेपली की संपली. आणि भिंतीतून आत येण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, पाणी झोळात उतरून गळून जातं. वरची अँटेना फिरती असेल तर शेवटचा हातभर तुकडा नेहमीच्या लवचीक केबलचाच ठेवावा. आमची स्थिर आहे.

मग तपासणी. दूरच्या टोकाला ५० ओहमचा कृत्रिम भार लावला आणि हातात मावणारा एक विश्लेषक जोडला. असली यंत्रं २०१९-२० च्या सुमारास फार स्वस्त झाली, त्याआधी ती प्रयोगशाळेतच दिसत. त्याच्या पडद्यावर केबलची पूर्ण लांबी आडवी दिसते, आणि कुठे काही विजोड असेल तिथे उंचवटा येतो. २६ मीटरवर एक बारीक उंचवटा होता. खालून २५ वॅट सोडले, वर मोजले २१. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा २१.

जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा चढली. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास हातातल्या पाच वॅटच्या संचावरून आमच्या एका मित्राचा आवाज आला. गच्चीवर चौदा माणसं होती, दोन म्हातारी, एक बाळंतीण. खरखर होती, पण शब्द होते. अण्णांनी एकदाच ऐकून सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘बास. आता बॅटरी वाचवा. सकाळी सहाला बोलू.’ तो कागद मी मोटरसायकलवरून मदत केंद्रावर नेला. बोट पहाटे गेली.

पाणी उतरल्यावर त्याच मित्राला त्याच गच्चीवरून बोलायला सांगून अण्णांनी मुद्दाम जुनी बारीक केबल लावून पाहिली. ती अजून भिंतीवर तशीच होती. त्याचा आवाज खरखरीत बुडाला. ‘पाणी’ कळलं, ‘चौदा’ कळलं नाही. पुन्हा हार्डलाइन लावली, तो म्हणत होता, अहो ऐकू येतंय का, जेवायला बसायचंय.

दरवर्षी मे महिन्यात, पावसाळा सुरू होण्याआधी, आम्ही विश्लेषक लावून तो उंचवटा बघतो. वाढला असेल तर पाणी शिरलं. अजून वाढलेला नाही. अण्णांना आता जिना चढवत नाही, वर टेप चाचपायला एक कॉलेजची मुलगी जाते. तिची परीक्षा झाली आहे, परवाना यायचा आहे. तिच्या घरी अँटेनापर्यंत तीस मीटर लागतात, आणि भंगारवाल्याकडे चौदा मीटरचे दोन तुकडे आले आहेत. मी तिला म्हटलं, दोन मीटर कमी पडतात. ती म्हणाली, संच खिडकीकडे सरकवते, काका. डाखणी तुमचीच आणाल ना?